आधी मोहरी, मग मुंगी

मनू, तुझा मेसेज वाचला. तीन मॅक्रो लेन्सची नावं पाठवून "ताई, यातली कुठली घेऊ?" असं विचारलंयस. माझं उत्तर: सध्या एकही नको. दिवाळीपर्यंत तरी नको. लगेच तोंड वाकडं करू नकोस, आधी ऐकून घे.

लेन्स ही या छंदातली सगळ्यात सोपी बाब आहे. पैसे मोजले की घरपोच येते. अवघड आहे तो प्रकाश, आणि त्याच्या खालोखाल फोकस. आणि ही दोन्ही शिकवायला किडे म्हणजे अगदी वाईट मास्तर. तू कंबर वाकवून, श्वास रोखून कॅमेरा धरेपर्यंत मुंगी कुंडीच्या पलीकडे पोचलेली असते. फोटो बिघडला तो उजेडामुळे, फोकसमुळे, की मुंगी हलली म्हणून, काही म्हणता काही कळत नाही. मग माणूस दोष देतो लेन्सला आणि आणखी महाग लेन्स शोधायला लागतो.

म्हणून तू क्रम बदल. आधी मोहरी, मग मुंगी. पहिले काही आठवडे स्वयंपाकघराच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. मिसळणाचा डबा, स्टीलची वाटी, सुई, साडीचा काठ, शिळा पेपर. या वस्तू पळत नाहीत, चावत नाहीत, आणि आपण परत येईपर्यंत जागच्या हलत नाहीत. शिवाय किड्यांच्या बाबतीत ज्या ज्या अडचणी तुला येणार आहेत, त्या सगळ्या या डब्यात आधीपासून भरून ठेवलेल्या आहेत.

हा क्रम काही माझ्या डोक्यातून आलेला नाही हं. १६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हुक नावाच्या गृहस्थाने 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक काढलं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंची मोठाली चित्रं आणि त्यांची वर्णनं. फोटोग्राफी यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती, पण मला तो आपला पूर्वज वाटतो. त्याने सुरुवात कशाने केली? सुईच्या टोकाने! मग वस्तऱ्याची धार, मग कापडाची वीण, मग रेशीम. मुंगी, पिसू, ऊ ही मंडळी कितीतरी पानं उलटल्यावर येतात. नुसत्या डोळ्यांना अणकुचीदार वाटणारं सुईचं टोक त्याला बोथट आणि खरबरीत दिसलं. पुस्तकात छापलेला पूर्णविरामसुद्धा त्याने भिंगाखाली धरला, तर तो गोल नव्हताच, नुसता ओबडधोबड डाग. आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घे आणि बघ, तुलाही तेच दिसेल.

आता साधन. तुझ्याकडे फोन आहे, आणि दादाचा जुना डीएसएलआर कपाटात पडून आहे, त्याच्या दोन लेन्ससकट. एवढं पुरतं. फोनपासून सुरू कर.

फोनमधल्या 'मॅक्रो'चं जरा समजून घे. महाग फोनमध्ये मॅक्रो म्हणजे बहुतेक वेळा अल्ट्रावाइड कॅमेराच असतो, तो दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ शकतो इतकंच. स्वस्त फोनमध्ये कोपऱ्यात दोन मेगापिक्सेलचा एक वेगळा मॅक्रो कॅमेरा लावलेला असतो. तो जाहिरातीसाठी आहे असं समज आणि विसरून जा. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्याने लावायचं एखादं बरं भिंग जास्त कामाचं. फोन हातात धरून स्क्रीनवर बोट मारलंस की फोन हलतो, म्हणून तो पुस्तकांच्या चवडीवर टेकव आणि दोन सेकंदांचा टायमर लाव. फोकस हवा तिथे बोट दाबून धरलंस की तो कुलूपबंद होतो. त्यानंतर फोकसशी खेळायचं नाही, वस्तूच इंचभर पुढे-मागे सरकवायची.

आपण किती जवळ गेलो हे मोजायची एक सोपी युक्ती सांगते. शाळेतली फूटपट्टी घे, मिलिमीटरच्या खुणा असलेली, आणि तिचा फोटो काढ. फोटोच्या रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोज. दादाच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २३ मिलिमीटर रुंद आणि १५ उंच आहे. म्हणजे चौकटीत २३ मिलिमीटर आले, तर वस्तू सेन्सरवर आहे तेवढ्याच मापाची उमटली. यालाच एकास एक म्हणतात, आणि जुन्या कडक व्याख्येत मॅक्रो इथून सुरू होतं. चाळीस आले तरी दुकानदार मॅक्रोच म्हणेल, म्हणू दे. फुलपाखरासाठी चाळीस-पन्नासच लागतात. मुंगीसाठी मात्र २३ सुद्धा जास्त होतात.

आता वाटीचा धडा, आणि हा तू अजिबात गाळायचा नाहीस. दुपारचं ऊन उतरल्यावर स्टीलची वाटी खिडकीजवळ पालथी घाल. तिच्या पाठीवर एक पांढरा चट्टा दिसेल. तो चट्टा म्हणजे खिडकीच. नीट पाहिलंस तर गजसुद्धा मोजता येतील. मग पडदा लाव आणि फोनच्या टॉर्चने वाटीवर उजेड टाक. चट्टा टिकलीएवढा होईल, डोळ्यांना खुपेल, आणि बाकीची वाटी काळवंडेल. आता टॉर्च आणि वाटी यांच्यामध्ये बटर पेपर धर. कागद टॉर्चला चिकटवलास तर फारसा फरक पडत नाही. तो हळूहळू वाटीकडे आण. चट्टा पसरत जातो, त्याच्या कडा विरतात, आणि एका क्षणी वाटीची गोलाई एकदम दिसायला लागते. उजेड मऊ की कडक हे दिव्याच्या किमतीवर ठरत नाही. वस्तूच्या मानाने उजेडाचा स्रोत केवढा मोठा दिसतो, यावर ते ठरतं. म्हणून कागद जितका जवळ, तितका उजेड मऊ.

वाटीच का? कारण भुंगेऱ्याची पाठ, मुंगीचं डोकं, माशीचा डोळा, हे सगळे म्हणजे बारक्या बारक्या स्टीलच्या वाट्याच आहेत, मनू. समोर जो दिवा असेल तो जसाच्या तसा परत दाखवणाऱ्या. लोकांचे भुंगेऱ्यांचे फोटो बघ. पाठीवर एक जळका पांढरा ठिपका आणि बाकी काळोख. त्या बिचाऱ्याचे मोरपंखी रंग त्या ठिपक्याखाली मेले. लेन्स लाखाची असली तरी हे असंच होणार. आणि बटर पेपर तर दहा पावलांवरच्या वाण्याकडे मिळतो.

वाटी जमली की मोहरी. ताटलीत मूठभर पसर आणि तिरक्या कोनातून फोटो काढ. दाण्यांची एक अरुंद पट्टी तेवढी स्पष्ट येईल, तिच्या पुढचे आणि मागचे दाणे धुक्यात जातील. ती पट्टी म्हणजे तुझी सगळी मिळकत. एकास एकवर, लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवलंस, तर तिची जाडी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. मोहरीचा दाणा एक-दीड मिलिमीटरचा, आणि काळ्या मुंगीचं डोकं साधारण त्याच मापाचं. म्हणजे मुंगीच्या डोळ्यावर फोकस बसला तर तिच्या पोटावर बसणार नाही, हे तुला मुंगी भेटायच्या आधीच कळून चुकेल.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: छिद्र लहान करा, एफ २२ लावा. करून बघ. पट्टी रुंद होते खरी, पण सगळं चित्रच मऊ पडतं, मोहरीच्या सालीवरची ती बारीक जाळी पुसली जाते. प्रकाश फार बारीक छिद्रातून गेला की पसरतो, त्याचा हा परिणाम. आणि जवळ गेल्यावर हे आणखी लवकर होतं, कारण एकास एकवर एफ ११ हे प्रत्यक्षात एफ २२ सारखं वागतं. म्हणून दादाच्या कॅमेऱ्यावर मी एफ ८ ते ११ च्या पुढे सहसा जाऊ देणार नाही तुला. दुसरा उपाय फुकट आहे आणि जास्त चांगला आहे. वस्तू ज्या दिशेने लांब आहे, कॅमेरा त्या दिशेला समांतर धर. ओव्याचा एक दाणा घे. टोकाकडून काढलास तर जेमतेम टोक दिसेल, बाजूने काढलास तर त्याच्या सगळ्या रेघा एका फोटोत येतील. सुरवंट, टाचणी (चतुराची सडपातळ बहीण), नाकतोडा या सगळ्यांना हाच नियम.

मिसळणाच्या डब्यात आणखी काय काय आहे ते मी सांगत बसत नाही, तुझं तू शोध. खसखस मात्र चुकवू नकोस. प्रत्येक दाणा मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो आणि त्याच्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. शेजारी मीठ ठेव. त्याचे चौकोनी ठोकळे आणि साखरेचे तिरके खडे एका चौकटीत छान दिसतात.

साडीच्या काठासाठी उजेड बदलावा लागेल. समोरून उजेड टाकलास तर वीण सपाट दिसते. दिवा काठाच्या पातळीला, अगदी आडवा धर. प्रत्येक धाग्याची सावली शेजारच्या धाग्यावर पडते आणि कापड उठून येतं. आजीची पैठणी काढ बाहेर, त्या निमित्ताने तिला ऊनही मिळेल. जरीचा धागा जवळून बघशील तर कळेल की आत साधा धागा आहे आणि त्याच्याभोवती धातूची चपटी फीत गुंडाळलेली आहे. कुठे कुठे ती सुटून आतला धागा डोकावतो. डच लेवेनहुकचं नाव शाळेत ऐकलंयस ना, जिवाणू पाहणारा? तो मुळात कापडाचा व्यापारी. कापडाचा पोत भिंगातून पारखायची त्या धंद्याची रीतच होती. हाच आडवा उजेड पुढे फुलपाखराच्या पंखावर वापर. पंखावरचे रंग म्हणजे कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले आहेत, ते समोरच्या उजेडात कधीच दिसणार नाहीत.

पावसाची झड लागून घरात अडकलीस की एक गंमत कर. लॅपटॉपच्या स्क्रीनवर पांढरं पान उघड, समोर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी किंवा सीडीचं रिकामं कव्हर धर, आणि दादाच्या लेन्सवर पोलरायझर फिल्टर लाव. नसेल तर पोलरॉइड गॉगल लेन्ससमोर धर. तो फिरवत राहा. एका कोनात स्क्रीन काळीकुट्ट होते आणि त्या साध्या पट्टीत इंद्रधनुष्य पेटतं. एलसीडी स्क्रीनचा प्रकाश एकाच दिशेने कंप पावणारा असतो, आणि प्लॅस्टिक साच्यात ओतताना त्यात जो ताण गोठून राहिलेला असतो, तो त्या प्रकाशाला वळवतो. जिथे ताण जास्त तिथे रंगांचे पट्टे दाट. अभियंते याच युक्तीने पुलांच्या आणि यंत्रांच्या पारदर्शक नमुन्यांमधला ताण बघत आले. आपल्याला काय, आपल्याला भिंतीवर लावायला फोटो मिळाला.

आता लेन्स. बघ, मी टाळलं नाही.

दादाच्या किटमध्ये ५५-२५० ची लांब लेन्स आहे ना? तिच्या तोंडावर लावायचं क्लोजअप भिंग घे. त्यात चार-पाच फिल्टरांचा स्वस्त संच येतो, तो नको. एकेरी काचेमुळे कडांना जांभळी-हिरवी किनार येते. दोन-तीन काचा जोडून केलेलं भिंग घे. रेनॉक्सची डीसीआर-१५० आणि डीसीआर-२५० ही दोन त्यासाठी प्रसिद्ध आहेत, चिमट्याने लेन्सवर बसतात. हिशोब सोपा आहे. भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये देतात. लेन्सची फोकल लेंथ गुणिले डायॉप्टर, भागिले हजार. डीसीआर-१५० ची ताकद ४.८, म्हणजे २५० मिलिमीटरवर १.२ पट. एकास एकच्या पुढेच गेलीस की! डीसीआर-२५० ची ताकद ८, म्हणजे दुप्पट. ऐकायला गोड, पण दुप्पटीवर तुझा श्वाससुद्धा चौकट हलवतो. शिवाय १५० ला किडा लेन्सपासून वीसेक सेंटिमीटर लांब राहतो, २५० ला बाराच. नवशिक्या माणसाला ती आठ सेंटिमीटर फार मोलाची. माझा कौल १५० ला.

दुसरे दोन मार्गही माहीत असू देत. एक्स्टेंशन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ कड्या, आत काच नाही. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे ५० मिलिमीटरच्या कड्या लावल्या की एकास एक. म्हणजे लांब लेन्सला त्यांचा फारसा उपयोग नाही, आखूड लेन्सला भरपूर. आणि तिसरा मार्ग म्हणजे रिव्हर्स रिंग, लेन्स चक्क उलटी लावायची. सगळ्यात स्वस्त, आणि इथे क्लोजअप भिंगाच्या उलट नियम: लेन्स जितकी आखूड, तितकं चित्र मोठं. पण उलट्या लेन्सशी कॅमेऱ्याचं बोलणं बंद होतं, म्हणून छिद्राची कडी असलेली जुनी हाताने चालवायची लेन्स हवी. अमेरिकेतला थॉमस शाहान उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या चेहऱ्यांसाठी जगभर नावाजला गेला, त्याचे सुरुवातीचे फोटो अशाच उलट्या जुन्या लेन्समधून आलेले. तेव्हा 'माझ्याकडे साधनं नाहीत' हे तोंडातून काढू नकोस.

आणि पुढे कधी खरी मॅक्रो लेन्स घेशील तेव्हा ६० ची स्वस्त पडते म्हणून भुलू नकोस, ९० ते १०५ च्या दरम्यानची घे. 'किमान अंतर तीस सेंटिमीटर' असं खोक्यावर छापलेलं असतं ते सेन्सरपासून मोजलेलं असतं. त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली की किड्यासाठी जेवढी जागा उरते, तेवढीच आपली.

फ्लॅशचं एकदाच सांगते. मॅन्युअल मोड, १/२००, एफ ११, आयएसओ २००, फ्लॅशची ताकद कमी. कमी ताकदीवर त्याचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वेळात संपतो, त्यामुळे तुझा हात आणि किड्याची मिशी दोन्ही जागच्या जागी गोठतात. ट्रायपॉड मग हवाच कशाला. मात्र उघड्या टॉर्चने वाटीवर काय होतं ते तू पाहिलंयसच, उघड्या फ्लॅशनेही तेच होतं. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा पातळ फोम जपून ठेव, आणि फ्लॅशपासून लेन्सच्या तोंडापर्यंत त्याची झूल बनव. दिसायला ध्यान दिसतं. सोसायटीतली पोरं हसतील, हसू देत. आणि किड्यामागची पार्श्वभूमी काळी मिट्ट येईल, कारण फ्लॅशचा उजेड मागपर्यंत पोचतच नाही. मला तो काळोख आवडत नाही, भर दुपारची मधमाशी मध्यरात्रीची वाटते. मागे हातभर अंतरावर एखादं पान असेल अशी जागा निवड, नाहीतर हिरवा कार्डपेपर धर.

मोहरी आणि मुंगी यांच्यामध्ये एक पायरी आहे: खिडकीच्या रुळात मरून पडलेली माशी. ट्यूबलाइटच्या पट्टीखालीही सापडतात. मेलेला किडा हा पहिला उत्तम मॉडेल, फक्त त्याच्यावरची धूळ मऊ ब्रशने झटक. स्टॅकिंग शिकायचं तर याच्यावर शीक. फोकस केसाइतका पुढे सरकवत पंधरा-वीस फोटो काढायचे आणि झेरीन स्टॅकर किंवा हेलिकॉन फोकसमध्ये त्यांचे स्पष्ट भाग जोडायचे. लेव्हॉन बिस नावाचा ब्रिटिश फोटोग्राफर ऑक्सफर्डच्या संग्रहालयातल्या कीटकांचे असे फोटो काढले, त्यातल्या एकेका चित्रात आठ हजारांवर फोटो जोडलेले आहेत. बघायला विलक्षण. पण त्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नकोस, नाहीतर सगळे रविवार कॉम्प्युटरसमोर जातील आणि जिवंत किडा बघायचा राहूनच जाईल.

जिवंत किडे कुठे? अगं, गॅलरीत. तुझ्या जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण आला म्हणून तू फवारा मारणार होतीस ना, एक आठवडा थांब. त्यातून गोड चिकटा पाझरतो आणि मुंग्या तो प्यायला येतात. एरवी धावणारी मुंगी तिथे थबकते, पुन्हा पुन्हा त्याच जागी येते. तिच्यामागे पळायचं नाही, त्या जागेवर आधीच फोकस लावून बसायचं. कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर पक्ष्याची शीट दिसली तर पुसू नकोस, आधी नीट बघ. लाइम किंवा मॉर्मन फुलपाखराचा लहान सुरवंट हुबेहूब तसाच दिसतो, मोठा झाला की हिरवा होतो. त्याला डिवचलं की डोक्यामागून दुपेडी शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. त्या शिंगाच्या फोटोसाठी लोक त्याला टोचत राहतात, तू तसं करू नकोस. पानं थोडी कमी मिळतील आमटीला, मिळू देत.

माझा सगळ्यात लाडका मात्र भिंतीवरचा उड्या मारणारा कोळी. कोळी म्हणजे कीटक नव्हे, आठ पायांचा वेगळा वंश, पण आपल्या छंदात त्याच्याइतका सहकार्य करणारा जीव नाही. डोळे आठ, त्यातले समोरचे दोन टपोरे. कॅमेरा जवळ नेलास की तो पळायच्या ऐवजी वळून बघतो. डोळ्यांवर फोकस बसला की बाकी सगळं धूसर असलं तरी फोटो जमतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आण, वरून काढू नकोस. वरून काढलेला कोळी डागासारखा दिसतो, समोरून काढलेल्याला चेहरा असतो.

थंडीत टेकडीवर जा, सूर्य वर यायच्या आधी. किड्यांचं अंग हवेइतकंच गार असतं, उन्हं येईपर्यंत त्यांना हलता येत नाही. टाचण्या गवताच्या काडीला दव अंगावर घेऊन लटकलेल्या असतात. चतुर दिवसाही जमतो, तो उडाला तरी बऱ्याचदा त्याच काडीवर परत येतो, फक्त तुझी सावली त्याच्यावर पडता कामा नये. ठाण्याला माझ्याकडे आलीस की घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत जाऊ, फुलपाखरांसाठी मुद्दाम झाडं लावून वाढवलेली बाग आहे. आणि जूनमध्ये मामाच्या शेतावर गेलीस तर पहिल्या पावसानंतर मृगाचा किडा शोध. लाल मखमलीचा तो ठिपका उभ्याने काढू नकोस, सरळ मातीत पालथी झोप. कपडे धुता येतात.

नाव कळलं नाही तर फोटो आयनॅचरलिस्टवर टाक, जाणकार लोक ओळखून देतात. त्यासाठी एक फोटो वरून, एक बाजूने आणि एक झाडाच्या पानासकट काढून ठेव. सुरवंट कुठल्या झाडावर होता हे कळल्याशिवाय कित्येकदा नाव लागत नाही.

काही लोक किडे शांत बसावेत म्हणून फ्रिजमध्ये ठेवतात. हुकनेही मुंगी चित्रासाठी स्थिर बसेना म्हणून तिला दारूत बुडवून झिंगवली होती. शुद्धीवर येऊन ती चालती झाली, असं त्यानेच लिहून ठेवलंय. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता, त्याला माफ. तुझ्याकडे १/२०० चं शटर आणि फ्लॅश आहे. सुरवंट त्याच्या झाडावरून 'छान पार्श्वभूमी'साठी गुलाबावर नेऊन ठेवू नकोस, तो तिथे उपाशी राहतो. फुलपाखराला चिमटीत धरू नकोस. केसाळ सुरवंटांना हात लावू नकोस, हे मात्र तुझ्या भल्यासाठी. आणि पावसाळ्यात दिव्याभोवती काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसणारा बारका पेडेरस भुंगेरा येतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला गेला तर कातडीवर फोड उठतात. तो हातावर बसला तर फुंकर मारून उडव, चापट मारू नकोस.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवू नकोस, लेन्सला बुरशी धरते. झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. पापडाचा डबा चालेल, पण आधी आईला विचार.

आईचं म्हणशील तर ती पहिले काही दिवस "किड्यांचे कसले फोटो काढतेस, शी!" करेल. तिला आधी केशराच्या काडीचा आणि तिच्याच पैठणीचा फोटो दाखव, मग कोळी. त्या क्रमाने ती पचवते. पालीची मागणी मात्र तिच्याकडूनच येईल बघ, कारण पाल तिच्या मते देवघरामागची जुनी भाडेकरू आहे. आणि झुरळाचं मला विचारू नकोस. त्याच्या मिशा मॅक्रोमध्ये फार देखण्या दिसतात असं सगळे सांगतात. सांगोत बापडे. स्वयंपाकघरात झुरळ निघालं तर मी कॅमेरा तुझ्या हातात देऊन बाहेर जाणार आहे.